नको

आमच्या चिखलीत 'नको' म्हणजे 'अजून दोनदा विचारा'. ही व्याख्या खिशात घालून मी 1984 साली न्यू जर्सीत उतरलो. शेजारीणबाईंनी केक पुढे केला. मी लाजून 'नको' म्हटलं. बाईंनी बशी उचलली! पहिला महिना असा अर्धपोटी गेला.

मग शहाणा झालो. एकदाच विचारायचं, मिळालेलं उत्तर खरं मानायचं. आपलं 'नको' म्हणजे शुद्ध खोटेपणा, असं चारचौघांत ऐकवूही लागलो.

पुढे आई आजारी पडली. फोनवर विचारलं, "येऊ का?"

"नको रे बाप्पा, उगाच खर्च."

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिचं 'नको' खोटं होतं, कबूल. पण माझं विचारणं तरी खरं होतं का?