भ्यालेल्याचे गाणे, भिवविणाऱ्याचे गाणे

गेल्या पावसाळ्यात मी चार तबकड्या विकत आणल्या. पन्नाशी उलटलेल्या, दर रविवारी न चुकता मिस्साला जाणाऱ्या माणसाने ‘हेवी मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कानठळ्या बसविणाऱ्या संगीतावर पैसे खर्च करावेत, याचे आमच्या घरात कोणालाच कौतुक वाटले नाही. महाविद्यालयात असताना मित्रांकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटींवर मी हे संगीत ऐकू लागलो. २२ जुलै २०२५ रोजी ‘ब्लॅक सॅबाथ’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे गायक ऑझी ऑस्बर्न निवर्तले, तेव्हा ज्यांचे इतके ऐकले त्यांच्या तबकड्या एकदा तरी रीतसर विकत घ्याव्यात, असे वाटले. चारांपैकी तीन त्यांच्याच होत्या : ‘ब्लॅक सॅबाथ’ आणि ‘पॅरानॉइड’ या १९७० मधल्या, तर ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ १९७१ मधली. चौथी नॉर्वेमधील एका वाद्यवृंदाची. तिच्याविषयी पुढे सांगेन.

आमच्या दिवाणखान्यात एका भिंतीला आल्तार आहे आणि त्याच्या समोरच्या भिंतीला तबकडीयंत्र. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या वडिलांनी पहिल्या तबकडीचे वेष्टन उघडून पाहिले. आतल्या बाजूस उलटा क्रूस छापलेला होता. ते रागावले नाहीत. वेष्टन मिटून माझ्या हाती देत एवढेच म्हणाले, “हे आल्तारासमोर वाजवणार?”

माझ्याकडे उत्तर तयार होते. उलटा क्रूस हे संत पेत्राचे चिन्ह आहे, त्याला उलटे टांगून क्रुसावर मारले अशी परंपरा सांगते, असे मी म्हणालो. वडील गप्प राहिले. मलाच माझ्या उत्तराची लाज वाटली, कारण ते चित्र छापणाऱ्याच्या मनात संत पेत्र खचितच नव्हता. तो क्रूस ध्वनिमुद्रण कंपनीने वादकांना न विचारता छापला होता आणि तो पाहून ते स्वतःही अस्वस्थ झाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. मात्र जे आपल्याला आवडते त्याचा बचाव करताना माणूस किती सहज अर्धसत्याच्या आश्रयाला जातो, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून वडिलांचा प्रश्न मी स्वतःला विचारतो आहे. काळोखाचे गाणे ऐकणे म्हणजे काळोखाच्या बाजूला जाऊन उभे राहणे होय काय?

ही माणसे कोण होती, हे आधी पाहिले पाहिजे. बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातील अॅस्टन भागातले हे चार कामगारवस्तीतील तरुण. १९६८ मध्ये ते एकत्र आले. बहुतेक गीते लिहिणारे गीझर बटलर हे आयरिश कॅथॉलिक आईबापांच्या पोटी जन्मले आणि कॅथॉलिक संस्कारांतच वाढले. तरुणपणी गूढविद्येच्या पुस्तकांची त्यांना ओढ लागली. आपली खोलीही त्यांनी काळ्या रंगाने रंगविली. एका रात्री जाग आली तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी एक काळी आकृती उभी दिसली, अशी हकीकत ते सांगत आले आहेत. त्या रात्रीनंतर त्यांनी तो नाद सोडला. पहिल्या तबकडीतील पहिले गाणे या भीतीतून आलेले आहे. त्यातला माणूस त्या आकृतीला नमस्कार करीत नाही, तो देवाच्या नावाने मदतीसाठी टाहो फोडतो.

त्या गाण्यातील मुख्य स्वरांतर तीन पूर्णस्वरांचे आहे आणि कानाला ते बोचते. त्याला जुन्या संगीतज्ञांनी सैतानाचे नाव दिले होते, हे खरे. मात्र मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही आम्हां रसिकांची लाडकी कथा निराधार आहे. तशा बंदीचा पुरावा सापडत नाही. आपल्या आवडीला बंडखोरीचे तेज यावे म्हणून आम्ही ती सांगत राहतो. न ऐकता निषेध करणारे जसे चुकतात, तसे आम्हीही चुकतो.

गिटारवादक टोनी आयोमी यांची गोष्ट मी वडिलांना सांगितली, तेव्हा मात्र संभाषणाला निराळे वळण लागले. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, नेहमीचे नसलेल्या यंत्रावर काम करताना त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. कारखान्यातील वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. राइनहार्ट यांची दोन बोटे १९२८ मध्ये आगीत जायबंदी झाली होती, तरीही ते वाजवीत राहिले. आयोमींनी मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि त्यांवर चामडे चिकटविले. दुखऱ्या बोटांना जोर कमी लागावा म्हणून हलक्या तारा बसविल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. तारा सैल पडल्या तसा नाद खाली उतरला, जड झाला. ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मधील काही गाण्यांचा तो खोल, काळाकुट्ट स्वर अशा रीतीने घडला.

माझ्या वडिलांनी भांडुपच्या एका कारखान्यात तीस वर्षे पॉवर प्रेसवर काढली. सारे ऐकून घेतल्यावर ते एकच बोलले, “प्रेसला गार्ड नव्हता का?” थोड्या वेळाने त्यांनी तबकडी लावायला सांगितली आणि डोळे मिटून एक बाजू पूर्ण ऐकली. “हा तर आमच्या शॉपचा आवाज,” ते म्हणाले. त्यांना गाणे आवडले, असे मी म्हणणार नाही. पण पत्र्यावर प्रेस आदळल्याचा नाद त्यांनी ओळखला. आणि ज्या आवाजाला मी इतकी वर्षे बंडाचा आवाज समजत होतो, तो माझ्याच बापाच्या कष्टाचा आवाज होता, हे मला प्रथमच उमगले.

दुःख आणि भय यांना स्वर देणे, हे धर्मश्रद्धेला परके नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून पाहावे. इतर विलापस्तोत्रांत अखेरीस आशेचा किरण दिसतो, पण हे स्तोत्र अंधारातच संपते. तरीही पवित्र शास्त्रातून त्याला कोणी वगळले नाही. ‘पॅरानॉइड’मधील ‘वॉर पिग्ज’ हे गाणे व्हिएतनाम युद्धाच्या काळातले. दुसऱ्यांची मुले रणांगणावर धाडणारे सत्ताधीश अखेर न्यायाच्या दिवशी गुडघे टेकतात, असे चित्र त्यात आहे. ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मधील ‘आफ्टर फॉरेव्हर’ तर मरणानंतर आत्म्याचे काय, आणि देवावर श्रद्धा आहे हे मित्रांना कळेल म्हणून लाजतोस काय, असे ऐकणाऱ्याला सरळ विचारते. तो प्रश्न महाविद्यालयात असताना मला लागू होता. आजही तो पूर्णपणे सुटलेला नाही.

येथेच थांबलो असतो, तर माझी आवड निर्दोष ठरून लेख सुखाने संपला असता. पण चौथी तबकडी शिल्लक आहे.

६ जून १९९२ रोजी नॉर्वेतील बर्गन शहराजवळचे फान्तोफ्त येथील लाकडी चर्च जळून खाक झाले. मूळ इमारत बाराव्या शतकातली, एकोणिसाव्या शतकात तेथे हलविलेली. त्या वर्षांत त्या देशात अनेक चर्चे पेटविण्यात आली आणि ‘ब्लॅक मेटल’ संगीताच्या वर्तुळातील काही तरुणांना न्यायालयाने त्याबद्दल शिक्षा दिली. माझी चौथी तबकडी त्याच वर्तुळातली. ती वाईट वाजविली आहे, असे म्हणता आले असते तर किती बरे झाले असते! पण ती सुंदर आहे. हिवाळ्यातल्या अरण्यासारखा एक गारठा त्या स्वरांत आहे आणि पहिल्यांदा ऐकताना मी हरखून गेलो होतो. खरी अडचण ही आहे. दुष्टाई बेसूर असती, तर विवेकाची गरजच काय होती?

बराच काळ विचार केल्यावर मला एक भेद दिसला. पहिल्या तीन तबकड्यांत भ्यालेला माणूस गातो, तर चौथीत दुसऱ्याला भिवविण्याची हौस असलेला. दोघांच्या तोंडी शब्द सारखेच असतात : मृत्यू, अग्नी, सैतान, रात्र. पण पहिला ऐकणाऱ्याचा हात धरून म्हणतो की, मलाही अंधार दिसला. दुसरा दिवा फुंकून टाकतो आणि आपण अंधारात चाचपडताना पाहून सुखावतो. हा भेद नेहमीच स्पष्ट असतो, असा माझा दावा नाही. एकाच तबकडीत दोन्ही स्वर मिसळलेले असू शकतात. म्हणून ऐकणे संपल्यावर मी स्वतःला विचारतो : शेजारच्या दुःखी माणसाविषयी माझ्या मनात आता अधिक ओलावा आहे की अधिक तुच्छता?

ही कसोटी एकदा हाती घेतली की ती संगीतापुरती राहत नाही. नरकाग्नीचे वर्णन करणारा प्रवचनकार स्वतः भ्यालेला आहे की भिवविण्यात रमला आहे? मुलांना देवाचा धाक घालणारे आपण आईबाप कोणत्या बाजूला उभे असतो? वेष्टनावर क्रूस सुलटा छापला आहे, एवढ्याने आतला आवाज आपोआप पवित्र होत नाही.

चौथी तबकडी जाळून टाकावी, असे एकदा मनात आले. पण जाळण्याचे काम त्यांनी केले होते. तेच मी कशाला करू? दुकानदाराला परत केली तर ती दुसऱ्या कोणाच्या घरी जाईल. सध्या ती कपाटावर पडून आहे, न वाजवता. तिच्यातले सौंदर्य मी नाकारीत नाही. त्याला आमच्या घरात जागा देत नाही, इतकेच. हा निर्णय योग्यच आहे, अशी खात्रीही मला नाही.

उरलेल्या तीन तबकड्या आल्तारासमोरच वाजतात. वडिलांची अट एकच : रोझरी झाल्यावर, आणि आवाज बेताचा. परवा ‘वॉर पिग्ज’ सुरू असताना ते आरामखुर्चीत बसले होते. माझे लक्ष सहज त्यांच्या हाताकडे गेले. गाण्याच्या ठेक्यावर त्यांचा उजवा पाय, प्रेसचे पेडल दाबावे तसा, हळूहळू हलत होता. हात मात्र त्यांनी मांडीवर, अंगाशी घट्ट धरून ठेवले होते.