गर्भाशय राखण्याचा नैतिक प्रश्न

जीव वाचवण्यासाठी स्त्रीचे गर्भाशय काढणे नीतीला धरून आहे का, या प्रश्नाचे उत्तर कॅथलिक नीतिशास्त्राने फार पूर्वीच दिले होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आत्मरक्षणाची चर्चा करताना, कृतीमागे हेतू म्हणून असलेला परिणाम आणि हेतू नसताना ओघाने येणारा परिणाम यांत भेद केला. त्यातून पुढे ‘दुहेरी परिणामा’चे तत्त्व घडले आणि कर्करोगग्रस्त गर्भाशय हे त्याचे नेहमीचे उदाहरण झाले. शस्त्रक्रिया गाठीसाठी होते. वंध्यत्व येते, पण ते कोणी योजलेले नसते. १९५३ साली पोप पायस बारावे यांनी मूत्ररोगतज्ज्ञांसमोर बोलताना अवयव काढण्याच्या अटी सांगितल्या. त्यांतली एक अट अशी, की धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसावा.

दुसरा मार्ग आहे की नाही, हे मात्र धर्मशास्त्र सांगू शकत नाही. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट व्हेर्टहाइम यांच्या काळापासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गर्भाशय, त्याच्या बाजूच्या ऊती आणि योनीचा वरचा भाग काढणे ही रूढ शस्त्रक्रिया होती. १९८७ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे डॅनिएल दार्जां यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी गर्भाशयाचे मुख आणि लगतच्या ऊती काढल्या, पण गर्भाशय जागेवर ठेवून योनीला जोडले. ओटीपोटातील लसिका ग्रंथी दुर्बिणीतून काढून तपासल्या. या शस्त्रक्रियेला रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी म्हणतात. गाठ साधारण २ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि ग्रंथी रोगमुक्त असतील, तरच ती सुचवली जाते. उरलेल्या गर्भाशयाच्या तोंडाशी कायमचा टाका घालतात आणि प्रसूती सिझेरियनने होते. गर्भ मधल्या महिन्यांत पडण्याची किंवा मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची भीती बरीच राहते.

या शस्त्रक्रियेने जुन्या युक्तिवादाचा पायाच हलला. जिच्या बाबतीत ती शक्य आहे, तिचे गर्भाशय काढल्यास येणारे वंध्यत्व आजही कोणाचा हेतू नसते, पण ते अटळही राहत नाही. कोणीतरी ते पत्करलेले असते. म्हणून हेतू शुद्ध होता एवढे सांगून डॉक्टरची जबाबदारी संपत नाही. दुसरा मार्ग रुग्णासमोर ठेवला होता का, हेही विचारावे लागते. मात्र गर्भाशय राखणे हेच कर्तव्य, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. लहान गाठींत रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही शस्त्रक्रियांत जवळपास सारखे दिसते, पण हा अंदाज रुग्णांच्या नोंदींवरून बांधलेला आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत तशी थेट तुलना झालेली नाही. या उरलेल्या अनिश्चिततेत जीव जिचा पणाला लागतो, निर्णयही तिचाच असायला हवा.

आणि इथेच खरी अडचण आहे. मूल हवे, ही इच्छा तिची की घरच्यांची? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वंध्या पत्नी असल्यास आठव्या वर्षी दुसरी करण्याची मुभा आहे. आज कायदा तसा नाही, पण मूल नसलेल्या सुनेकडे पाहण्याची नजर अनेक घरांत तीच आहे. अशा दडपणाखाली दिलेली संमती कागदावर पूर्ण असली तरी नैतिकदृष्ट्या अपुरीच असते. त्यामुळे नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून त्या स्त्रीशी एकटीशी बोलणे हा उपचाराचाच भाग आहे. ‘पिशवी काढून टाका’ असे ती स्वतःहून म्हणाली, तर त्या उत्तरालाही तेवढाच मान मिळायला हवा.

भारतात हा प्रश्न बहुतेक स्त्रियांपर्यंत पोहोचतच नाही, कारण रोग हाती लागतो तोवर गाठ वाढलेली असते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे वेळेवर निदान करणे आपल्या आवाक्यात आहे. ते होत नाही तोवर गर्भाशय राखायचे की काढायचे, ही निवड शहरातल्या मोजक्या स्त्रियांपुरतीच उरते, आणि ही विषमता ज्या धोरणांतून येते त्यांनाही संमतीच्या कागदाइतकेच नैतिक कसोटीवर घासावे लागते.