यंत्राचे मुखत्यारपत्र

अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या जुन्या वस्तीत ज्यांनी कधी घराची अथवा जमिनीच्या तुकड्याची खरेदी-विक्री केली आहे, त्यांना कुलमुखत्यारपत्र आणि खास मुखत्यारपत्र यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. परगावी असलेला मालक आपल्या भावाला एखादा विशिष्ट दस्त दुय्यम निबंधकापुढे नोंदवण्यापुरता अधिकार देतो, तेव्हा ते काम उरकले की तो अधिकारही सरतो. परंतु त्याच भावाच्या हाती कुलमुखत्यारपत्र असले, तर दस्त नोंदवणारा हातच घर गहाणही टाकू शकतो, आणि तसे घडू नये यासाठी मालकाजवळ भावाच्या भलेपणावाचून दुसरे तारण उरत नाही. संगणकाच्या अंतर्भागात अहोरात्र चालणाऱ्या ज्या कार्यक्रमांना ‘सेवा’ म्हणतात, त्यांच्या हाती यांपैकी कोणते पत्र असावे, हा प्रश्न गेली साठ वर्षे हळूहळू उलगडत आला आहे, आणि त्याची उकल ही माझ्या मते आपल्या काळातील एक महत्त्वाची वैचारिक घडामोड आहे.

छपाईची रांग सांभाळणे, घड्याळ जुळवणे, टपाल पोचवणे अशी कामे करणारे कितीतरी कार्यक्रम, कोणी न बोलावता, यंत्र सुरू होताच कामाला लागतात आणि यंत्र बंद होईपर्यंत थांबत नाहीत. त्यांच्या अवतीभवती तबकड्या, कॅमेरे, ध्वनिग्राहक, कळफलक अशी खरीखुरी उपकरणे असतात. टपाल पोचवणाऱ्या सेवेला कॅमेऱ्याशी काय कर्तव्य आहे, हा प्रश्न कोणाही संसारी माणसाला सुचेल इतका साधा आहे. तरी तो यंत्राला विचारता येऊ लागण्यास दीर्घ काळ लागला.

आरंभी या प्रश्नाचे उत्तर भिंतींनीच दिलेले होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, आणि १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने पवईस स्थापन झालेल्या आय.आय.टी.मध्ये त्याच देशाचे मिन्स्क आणि पुढे ईसी-१०३० हे संगणक आले. त्या युगात गणित सोडवू पाहणारा माणूस आपला छिद्रित कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत देई आणि उत्तराच्या कागदाची वाट पाहत बाहेर थांबे. चुंबकीय फिती, तबकड्या आणि मुद्रक यांना हात लावण्याचा अखत्यार फक्त आतल्या चालकाचा असे. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत रूढ होऊ लागली, तेव्हा ही भिंत पडली, आणि जे काम विटा-चुन्याने केले ते आज्ञावलीने करावे लागले. १९६५च्या सुमारास अमेरिकेत आरंभलेल्या मल्टिक्स या कार्यप्रणालीने त्यासाठी एकात एक अशी वर्तुळे कल्पिली: सर्वांत आतल्या वर्तुळात प्रणालीचा गाभा, बाहेरच्या वर्तुळांत सामान्य कार्यक्रम, आणि आत जायचे तर नेमक्या दरवाज्यांनीच. ही रचना तटामागून तट बांधलेल्या किल्ल्यासारखी होती, आणि किल्ल्याचा दोषही तिच्यात होता. शेवटच्या तटाच्या आत ज्याला प्रवेश मिळाला, त्याला तेथले सर्वच मोकळे मिळे.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी युनिक्सचा आरंभ केला. या प्रणालीची एक कल्पना इतकी सुंदर आहे की तिच्याविषयी लिहिताना मन रेंगाळते. युनिक्समध्ये उपकरण हे फाइलच्या रूपाने दिसते. तबकडीला एक नाव, मुद्रकाला एक नाव, आणि ही सारी नावे ‘डेव्ह’ नावाच्या एका निर्देशिकेत मांडलेली. पत्र लिहावे तशी अक्षरे त्या नावावर लिहिली की ती उपकरणाकडे जातात. डेनिस रिची आणि थॉम्प्सन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या योजनेचे जे लाभ सांगितले, त्यांत संरक्षणाचाही उल्लेख आहे: फाइल कोणी वाचावी आणि कोणी तिच्यात लिहावे याचे जे नियम, तेच उपकरणालाही लागू. एकाच कायद्याखाली दफ्तर आणि दारूगोळा दोन्ही आले.

परंतु त्या कायद्याला एक अपवाद होता, आणि अपवादानेच कायदा गिळला. ‘रूट’ या नावाने वावरणाऱ्या सर्वाधिकाऱ्याला कोणताही नियम अडवीत नसे. ज्या सेवेला एखाद्या उपकरणाची थोडी गरज पडे, तिला ते उपकरण नेमके देण्याची खटपट करण्यापेक्षा तिला रूट म्हणून चालवणे सोपे होते. आणि जे सोपे असते तेच वहिवाट बनते. अशा रीतीने मुद्रकाला चार ओळी पाठवणाऱ्या कार्यक्रमाच्या खिशात सबंध यंत्राचे कुलमुखत्यारपत्र जाऊन पडले.

या वहिवाटीला तत्त्वाच्या पातळीवर उत्तर मिळाले ते १९७५ साली. जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या रक्षणावरील आपल्या निबंधात आठ तत्त्वे मांडली. त्यांतले एक असे, की प्रत्येक कार्यक्रमाने आपले काम पुरे होण्यास लागेल तेवढ्या किमान अधिकारानेच चालावे. दुसरे असे, की शक्य तेथे कुलूप एका किल्लीने न उघडता दोन किल्ल्यांनी उघडावे. महाराष्ट्रीय वाचकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. शिवछत्रपतींच्या किल्ल्यांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तीन एका दर्जाचे अंमलदार असत आणि त्यांनी मिळून कारभार करावा असा दंडक होता, हे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. कोठाराचा जमाखर्च कारखाननिसाकडे वेगळा होता. यांतला कोणी बेइमान आहे अशी धारणा त्या व्यवस्थेमागे असण्याचे कारण नाही. एकट्याचा मोह किंवा एकट्याची चूक एवढ्याने गड जाऊ नये, इतकाच तिचा हेतू असावा असे मला वाटते.

चुकीचा हा मुद्दा नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली एका छोट्या लेखात निर्णायकपणे मांडला. भाड्याने दिल्या जाणाऱ्या एका संगणकावर भाषांतरक आज्ञावली होती. तिला आपल्या वापराची आकडेवारी एका विशिष्ट निर्देशिकेत लिहिण्याचा अधिकार दिलेला होता, आणि ग्राहकांच्या बिलांची फाइलही तेथेच होती. एका ग्राहकाने आपले फलित कोठे लिहावे हे सांगताना त्या बिलांच्या फाइलचे नाव दिले. आज्ञावलीने ते निमूटपणे मानले, आणि बिले नाहीशी झाली. ग्राहकाला तो अधिकार नव्हता. आज्ञावलीला होता, पण या कामासाठी नव्हता. हार्डी यांनी या प्रकाराला जे नाव दिले, त्याला मराठीत ‘भांबावलेला मुखत्यार’ म्हणता येईल. मुखत्यार प्रामाणिक होता. आपण कोणाच्या वतीने आणि कोणत्या अधिकाराने लिहीत आहोत, एवढेच त्याला कळत नव्हते.

हा मुखत्यार मी प्रत्यक्ष पाहिला आहे. अंधेरी पूर्वेच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी कार्डवाचकावरून संगणकात उतरवण्याची व्यवस्था माझ्याकडे होती, आणि ती सेवा, त्या काळच्या रीतीप्रमाणे, रूट म्हणून चालत होती. संरचनेच्या फाइलमध्ये वाचकाच्या तारेचे नाव जेथे लिहायचे, तेथे माझ्या हातून तबकडीचे नाव लिहिले गेले. सेवेने वाचकाला जागे करणारी काही अक्षरे नित्याप्रमाणे पाठवली, आणि ती तबकडीच्या अगदी आरंभी, जेथे तिच्या विभागांचा नकाशा असतो, तेथे जाऊन बसली. यंत्र चालतच राहिले, कारण तो नकाशा स्मृतीत आधीच वाचलेला होता. दोन दिवसांनी पावसात वीज गेली, आली, आणि यंत्र उठले नाही. महिन्याच्या अखेरीस पगाराचा हिशोब अडला. ज्यांचा रोजगार त्या नोंदींवर ठरायचा होता, ते कामगार माझ्या टेबलापाशी येऊन शांतपणे विचारीत, ‘साहेब, आमची हजेरी सापडली का?’ त्या प्रश्नाने मला जे शिकवले ते त्यापूर्वी वाचलेल्या कोणत्याही ग्रंथाने शिकवले नव्हते. चूक माझी होती. पण हजेरी घेणाऱ्या सेवेला तबकडीच्या मुळाशी लिहिता यावे, हे त्या चुकीहून मोठे वैगुण्य होते.

त्यानंतरच्या वर्षांत विचाराने निश्चित वळण घेतले. २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात अशी सोय आली, की कार्यक्रमांचा एक समूह कल्पून त्या समूहाला कोणती उपकरणे वाचता, लिहिता किंवा नव्याने निर्माण करता यावीत याची यादी नेमून देता येते. आणि ही यादी रूटलाही बांधते. २०१० साली पुढे आलेल्या सिस्टमडी या व्यवस्थापकाने ही यादी प्रत्येक सेवेच्या सनदेत एका ओळीने लिहिण्याची रीत पाडली, आणि २०१४ साली आणखी पुढचे पाऊल टाकले: सेवेला स्वतंत्र, खासगी ‘डेव्ह’ निर्देशिका देण्याचे. तिच्यात लिहिलेले सारे गिळणारे ‘नल’ असते, यादृच्छिक अंक देणारा स्रोत असतो, अशी काही आभासी उपकरणे असतात. खरी तबकडी, खरा कॅमेरा यांचे नावही तेथे नसते. येथे विचाराची जातच बदलली असे मी मानतो. आधीचे सारे उपाय दाराला कुलूप लावण्याचे होते. या उपायात सेवेच्या जगात ते दारच नाही.

हेच तत्त्व घाटकोपर किंवा मुलुंडच्या गाडीत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या मुठीतही शिरले आहे. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट या नावाने ओळखला गेलेला दोष उघडकीस आला. चित्रे आणि ध्वनी उलगडून दाखवणारी सेवा, एका कपटाने रचलेल्या चित्रफितीच्या निरोपाने, परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होती. आणि त्याच एका सेवेकडे कॅमेरा व ध्वनिग्राहक यांचाही कारभार होता. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत तिचे तुकडे करण्यात आले: परकी चित्रफीत उलगडणारा भाग वेगळा, कॅमेरा हाताळणारा वेगळा, ध्वनी हाताळणारा वेगळा. सर्वांत धोक्याचे अन्न जो चाखतो, त्याच्या हाती आता कॅमेरा राहिला नाही.

कार्डवाचकाची तशीच एक व्यवस्था काही वर्षांनी पुन्हा माझ्याकडे आली. मी प्रथम सेवेला खासगी निर्देशिका दिली, आणि ती तत्काळ बंद पडली. तिचा वाचकही तिच्या जगातून नाहीसा झाला होता. मग ती ओळ काढून तिची सनद अशी लिहिली, की सर्व उपकरणांना मज्जाव, आणि अपवाद त्या एका तारेचा, वाचण्यापुरता व लिहिण्यापुरता. सेवा चालू झाली. रात्री कारखाना रिकामा असताना मी संरचनेच्या फाइलमध्ये, या वेळी जाणूनबुजून, तबकडीचे नाव लिहिले आणि सेवा पुन्हा सुरू केली. ती अजूनही रूटच होती. नोंदवहीत एक ओळ उमटली: परवानगी नाही. ते नाव खोडून मी वाचकाचे नाव पूर्ववत लिहिले, आणि सकाळची पाळी येईपर्यंत तेथेच बसून राहिलो.