धक्क्यावरचा अपरिग्रह

फ्लोरिडातील पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरापासून फोर्ट लॉडरडेलचा विमानतळ अगदी हाकेच्या अंतरावर असला, तरी सफरीचे जहाज पहाटे धक्क्याला लागल्यावर अंमलदारांची मुभा मिळाल्याखेरीज कोणासही उतरता येत नाही. आणि ज्यांनी आपल्या पेट्या आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवून सेवकांच्या स्वाधीन केल्या, त्यांना पाळीची प्रतीक्षा करावी लागत असता, आपले सामान स्वतः वाहणारा मात्र बहुधा प्रथम बाहेर पडतो. संग्रह हे बंधन आहे, ही महावीरांची शिकवण इथे किती प्रत्यक्ष होते! परंतु जिन्यावर वृद्धांना मागे सारून साधलेली त्वरा अपरिग्रह नव्हे, कारण जैन शास्त्रकार लोभाचीही गणना आभ्यंतर परिग्रहातच करतात, आणि वेळेचा लोभ त्यास अपवाद असण्याचे कारण मला दिसत नाही. सकाळच्याऐवजी दुपारचे विमान ठरवणारा प्रवासी मला अधिक व्रतस्थ वाटतो. इतरांच्या विलंबासाठी त्याने आपल्या वेळात आधीच जागा राखलेली असते.