क्रीम रंगाचा ओटा

ओट्यासाठी क्रीम रंगाचा दगड घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी एकच हरकत घेतली: डाग दिसतील. सून म्हणाली, "आई, आपल्याकडे रोज हळद, तेल, रविवारी सावजी रस्सा. काळा ग्रॅनाइट टाकू, म्हणजे बघायलाच नको." मिस्त्रीही तिच्याच बाजूचा. ते 'बघायलाच नको' माझ्या डोक्यातून जाईना. जिथे घरभराचं अन्न शिजतं, तिथलं बघायला नको कसं? मला तर बघायचंच होतं.

जुना ओटा कडप्प्याचा होता. उत्तर नागपुरात आमच्या वस्तीत घरं पक्की होत गेली तशी घरोघरी कडप्प्याचीच फरशी आली. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचा हा चुनखडीचा दगड, स्वस्त आणि दणकट. तेल पितो आणि आणखी काळा होत जातो. शेगडीच्या मागच्या कोपऱ्यात फोडणीच्या तेलाचा थर बोटाला चिकट लागायचा, नखानं खरवडला की निघायचा, पण डोळ्यांना कधी दिसला नाही.

हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या रंगाचा नाही. मळ म्हणजे काय आणि तो कुणी ठरवायचा, या प्रश्नानं आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या खाल्ल्या. माझी आजी उमरेडकडच्या एका खेड्यात सरपण विकायची. जंगलातून मोळी आणायची, मोठ्या घरांच्या मागच्या दारी उतरवायची, पैसे वरून हातावर पडायचे. तिनं तोडलेलं लाकूड त्या घरच्या चुलीत जळायचं आणि त्या जाळावर त्यांचं वरण शिजायचं. आजीला मात्र त्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी दिसला नाही. तिच्या हाताचा विटाळ लाकडाला होत नव्हता, पाण्याला होत होता. असला मळ कुठल्याच साबणानं जात नाही, कारण तो कुठे दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो गेला हेही कुणाला दाखवता येत नाही.

20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे ओतवले आणि पाणी शुद्ध झाल्याचं जाहीर केलं. प्यायच्या पाण्यात शेण कालवलेलं त्यांना चाललं. माणसाची ओंजळ चालली नाही. धर्माच्या नावानं डोळे इतके बंद होऊ शकतात, हे मी वर्गात मुलांना शिकवताना प्रत्येक वेळी सांगायची आणि प्रत्येक वेळी माझा घसा दाटून यायचा.

मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथातल्या अस्सलायन सुत्तात आजीच्या चुलीचाच प्रश्न आला आहे. अस्सलायन हा सोळा वर्षांचा, वेद शिकलेला ब्राह्मण मुलगा. ब्राह्मणच तेवढे शुद्ध, हे मांडायला त्याला इतरांनी पुढे केलेलं. बुद्ध त्याला विचारतात, उच्च कुळातल्या माणसानं साल नाहीतर चंदनाचं लाकूड घासून अग्नी पेटवला आणि चांडाळाच्या घरच्या माणसानं कुत्र्याच्या डोणीचं किंवा एरंडाचं लाकूड घासून पेटवला, तर पहिल्याच्याच अग्नीला ज्वाला, तेज आणि उजेड असेल का? मुलगा प्रामाणिक होता. दोन्ही सारखेच, म्हणाला.

त्याच निकायातलं सातवं सुत्त वत्थूपम, म्हणजे वस्त्राची उपमा. मळलेलं कापड कुठल्याही रंगात बुडवा, रंग नीट चढत नाही, मनाचंही तसंच. मग मनाचे सोळा मळ सांगितले आहेत. लोभ, द्वेष, क्रोध, मत्सर, कपट, अभिमान अशी ती यादी जाते आणि शेवटी येतो प्रमाद, म्हणजे बेफिकिरी. त्यांत कुठे जन्म नाही, स्पर्श नाही, ऋतुस्राव नाही. सुत्ताच्या शेवटी सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण बुद्धांना बाहुका नदीत स्नानाला जाणार का, असं विचारतो. बुद्धांचं उत्तर असं की तू खोटं बोलत नसशील, जिवाची हिंसा करत नसशील, तर गयेला जायचं कशाला, तुझ्या घरची विहीरही गयाच. ज्यांच्या माणसांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू दिला नाही, त्यांच्या घरात हे उत्तर वाचताना काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

मला फिकट दगड हवा होता तो या सगळ्यातून. डाग पडावा, दिसावा आणि फडक्यानं पुसला जावा. मळ म्हणजे एवढंच असावं. अशा ओट्याशी कुणीही उभं राहावं, कुणीही भाकरी थापावी.

कामठी रोडच्या बाजूच्या एका गोदामातून नमुन्याचे तुकडे घरी आणले. संगमरवर, क्रीम ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ. प्रत्येकावर हळद-तेल चोपडलं, शेजारी संत्र्याची फोड पिळली आणि रात्रभर ठेवलं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आंबट चालत नाही. सकाळी संत्र्याच्या रसाच्या जागी पॉलिश गेलं होतं, बोट फिरवलं की खरखर लागत होती. हळदीचा पिवळा चट्टा तर खोल गेला होता. ग्रॅनाइटवर पाण्याच्या थेंबानं काळपट ठिपका उठला, वाळल्यावर गेला. हळदीची छटा मात्र किंचित राहिली, कारण त्या तुकड्याला सीलर लावलेलं नव्हतं. तो तुकडा गच्चीवर ठेवला आणि आमच्या नागपूरच्या उन्हानं काही दिवसांत तीही उडवली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. क्वार्ट्झच्या तुकड्यावर काहीच नव्हतं. पुसला आणि कोरा. सून खूश झाली, हाच घेऊ म्हणाली.

त्या तुकड्यांवर मी थोडी कणीक मळून पाहिली, म्हणून पुढचा विचार सुचला. कडप्प्यावर पिठाचा कण न् कण दिसायचा, तेल दिसायचं नाही. क्रीम दगडावर हळदीचा ठिपका लांबून दिसतो, पण सांडलेलं पीठ, मीठ, साखर काही दिसत नाही. हात फिरवला तरच कळतं. सगळा मळ दाखवणारा दगड मिळत नाही. जो तो परक्या रंगाचा मळ दाखवतो आणि आपल्या रंगाचा पोटात घालतो. माझ्यापुरतं सांगते, हे मला माणसांनाही लागू वाटतं. आम्ही दुसऱ्यांच्या सोवळ्यातला अहंकार अचूक ओळखतो, ओळखायलाच हवा. पण आमच्यातल्या शिकलेल्या घरांतून मोलकरणीचा कप वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे, आणि त्या घरांना तो खटकत नव्हता.

फिकट दगडावर न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे, त्याच दगडाची भुकटी.

क्वार्ट्झ म्हणून विकतात तो खाणीतून पाट्यांनी निघालेला दगड नव्हे. गारगोटीचा चुरा आणि रेझिन दाबून बनवलेली ती पाटी. त्यात सिलिका 90 टक्क्यांच्या वर असू शकते. ग्रॅनाइटमध्ये साधारण 20 ते 45 टक्के, संगमरवरात फारच थोडी. कोरड्या ग्राइंडरनं कापताना जी धूळ उडते, तिच्यातले सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. ते फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात, तिथे व्रण धरतात आणि श्वास कमी होत जातो. हा सिलिकोसिस. बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून असल्या कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली, कारण ते कापणारी तरुण मुलं आजारी पडत होती. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या मजुरांत हाच रोग पसरला होता. पाटी-पेन्सिलीनंच आमची पहिली पिढी शिकली. ती पेन्सिल कापणाऱ्याच्या श्वासाचा हिशोब मी शिक्षिका असूनही कुठल्या पुस्तकात मुलांना दाखवू शकले नाही, कारण पुस्तकात तो नव्हताच.

आमच्या दीक्षाभूमीच्या स्तूपालाही धोलपूरचा दगड आहे. तो वालुकाश्म, म्हणजे बहुतांशी सिलिकाच. 14 ऑक्टोबर 1956 ला जिथे लाखोंनी धम्मदीक्षा घेऊन माणूसपण स्वीकारलं, त्या जागेवरच्या त्या फिकट, शांत दगडापुढे मी हात जोडते. तो घडवणाऱ्या कारागिरांनाही हात जोडावेत, असं आता मनात येतं. श्रद्धेला याचं ओझं वाटायचं कारण नाही. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गातलंच अंग आहे, आणि माझ्या मते दगड विकत घेणाऱ्यालाही ते बांधील ठेवतं. यादीतला सोळावा मळ, प्रमाद, इथेच लागतो. डाग दिसला की आपण पुसतो. जो दिसतच नाही, त्याच्याबद्दल विचारावं लागतं.

मग मी विचारत गेले. एका गोदामात कोरडंच कापत होते. मुलं पिठात लोळल्यासारखी पांढरी झाली होती. तिथून निघाले. दुसरीकडे पाटी पाण्याच्या मोठ्या यंत्राखाली कापतात, खाली पांढरा गाळ वाहतो. तिथला क्रीम ग्रॅनाइट घ्यायचं ठरवलं. सुनेला सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आई, मीच रोज पुसेन, पण हा ग्रॅनाइटच घ्या." सिंक आणि शेगडीची मापं आधी घेऊन दोन्हीची भोकं आणि कडेची गोलाई तिथेच पाण्यावर करून घेतली. घरी फक्त बसवणं उरलं. पैसे थोडे जास्त लागले. वर सीलर लावलं. हळदीचे ठिपके पडतात, आम्ही पुसतो, कधी एखादा राहतोही.

तुम्ही ओटा कुठल्याही रंगाचा घ्या. पण दगड कापणारा माणूस घरी कोरडा ग्राइंडर घेऊन येणार असेल, तर आधीच थांबवा. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतायलाही सांगू नका, त्यानं शॉक बसू शकतो. सिंकचं माप अगोदर द्या, सगळी कटाई पाण्याच्या यंत्रावर करून मागा आणि त्याचे जास्तीचे पैसे भाव करतानाच धरा.