पावडरीचा वास

नळाला पाणी आलं की पहिली तक्रार वासाची. “आज पावडर लईच पडली की हो!” हंडा भरता भरता कुणीतरी बोलतंच.

हिंगोली जिल्ह्यात नळाचं अप्रूप समजायला फाल्गुन-चैत्र बघावा. खाली काळा कातळ, पाणी धरणारा थर उथळ; विहिरी तळाला जातात त्याच दिवसांत वसमतकडे हळद काढायची, शिजवायची घाई असते. पाण्याची खेप करावी की मजुरीला जावं, हे बाईनं उजाडायच्या आत ठरवायचं. नळानं ती खेप वाचवली. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटरचं माप घातलं, तेही कागदावर ठीक. पण नळ पाणी नुसतं आणतो. ते पिण्याजोगं करतो गावचा जलसुरक्षक.

हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे हीच ब्लीचिंग पावडर. बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि अर्धा तास दम धरून मगच व्हॉल्व्ह सोडायचा. हा दम धरणं सगळ्यात अवघड, कारण तोवर फोन सुरू झालेले असतात. मग शेवटच्या घरच्या नळाचं पाणी नळीत घेऊन क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकायचे. पिवळसर रंग आला तर ठीक. नाहीच आला, तर निवळी कमी पडली किंवा वाटेत कुठंतरी पाइप फुटून गटार आत शिरतंय.

आपण नाक मुरडतो तो वास म्हणजे खरं तर ही राखण. त्यापेक्षा जारचं पाणी बरं वाटतं, गार लागतं म्हणून. गारपणाचा आणि शुद्धपणाचा काय संबंध, हे कुणी विचारत नाही.

शुद्ध पाण्यानं जे साधतं ते डोळ्यांना दिसत नाही. पोराला जुलाब झाले नाहीत, सलाईनसाठी उसनवारी झाली नाही, दोन दिवसांची मजुरी बुडली नाही. न घडलेल्या गोष्टींची नोंद कुठल्या वहीत होणार? पाण्याला धोका आहे म्हणून आरोग्य खात्यानं ग्रामपंचायतीला लाल कार्ड दिलं की चर्चा होते. हिरवं मिळालं तर भिंतीवर लागतं, बस्स. आणि जलसुरक्षकाच्या मानधनाचा विषय ग्रामसभेत निघतो सगळ्यात शेवटी, लोक चपला घालायला लागल्यावर.