निळ्या ज्योतीचा हिशेब

वडोदऱ्याजवळ कोयली येथे १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेव्हापासून येथील आम्हां मराठी मंडळींना धुराचा विषय परका नाही. पूर्वी चुलीचा धूर शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर बसे, आणि ती लागलीच दोन शब्द ऐकवी. आता गॅसची निळी ज्योत आहे. काजळी नाही, डोळ्यांत पाणी नाही. १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल-डिझेलमधील गंधकही दहा लाख भागांत दहावर आणले गेले. चांगलेच झाले. गंधकाचा धूर छातीला बाधतो, त्याचा आम्ल पाऊस संगमरवरही खातो.

परंतु कार्बनाचे काय? लिटरभर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो. ते जळून कार्बन डायऑक्साइड मात्र सव्वादोन किलोंहून अधिक निघतो. (शब्बाथशाळेत हे फळ्यावर मांडले, तर गुरुजी चुकले असेच मुलांना वाटेल!) कार्बनाच्या बारा भागांना हवेतील प्राणवायूचे बत्तीस भाग मिळतात, म्हणून वजन वाढते. या वायूला रंग नाही, वास नाही. त्याची तक्रार घेऊन कोणी शेजारीण येत नाही. त्याचा बराच भाग शतकानुशतके हवेत राहून उष्णता अडवितो, आणि ती भोगणारा कोठे दूर आहे, किंवा अजून जन्मलेलाच नाही.

ज्याचे तोंड आम्ही पाहिले नाही, तो आमचा शेजारी ठरतो काय? आम्हांला वाटते, ठरतो. तरी रविवारी उपासनेला जाताना मैलभर वाटेसाठी आम्ही स्कूटर काढतोच. परतताना चालत निघालेल्या एखाद्या वृद्ध भगिनीला मागे बसवितो, आणि तेवढ्याने हिशेब फिटला असे समजतो.